एका चित्रासमोर दहा मिनिटं : सावकाश बघून नेमकं काय होतं?

निळी_शाई
प्रदर्शनात एका चित्रासमोर आपण किती वेळ थांबतो? विचारलं तर बहुतेक जण "असतील दोन-तीन मिनिटं" म्हणतील. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हे चक्क घड्याळ लावून मोजलं होतं. २००१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली २७ सेकंद. आणि ती नावाजलेल्या चित्रांसमोरची, कोपऱ्यातल्या बिचाऱ्या चित्रांची नव्हे. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा मोजलं, तर आकडा जवळपास तोच. फरक इतकाच, की मधल्या काळात खिशात मोबाइल आले होते आणि चित्राकडे पाठ करून सेल्फी काढणारे वाढले होते.

याच्या दुसऱ्या टोकाला हार्वर्डच्या कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स आहेत. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला लावतात. त्यांनी स्वतःचा अनुभव लिहिलाय तो कॉप्ली या चित्रकाराच्या १७६५ सालच्या चित्राबद्दल. एक मुलगा, त्याच्या हातात सोनसाखळी आणि साखळीला बांधलेली उडती खार. मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या फरच्या कडेशी जुळतो, हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर आणि शेजारच्या पेल्याचा व्यास एकच आहे, हे कळायला एकवीस. आणि या बाई आयुष्यभर चित्रंच बघत आलेल्या!

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. डोक्याचं दिवसभर भुस्कट पडतं. त्यामुळे "माइंडफुल" शब्द असलेलं जे काही बाजारात येतं ते कुणी ना कुणी मला पाठवतंच. बरंचसं सोडून दिलं, हे एक टिकलं. तीन तास माझ्याच्याने होत नाहीत, दहा मिनिटं होतात. दालनात आधी एक चक्कर मारायची, पाट्या वाचायच्या नाहीत. जे चित्र ओढून घेईल किंवा ज्याचा राग येईल, त्याच्यासमोर उभं राहायचं. मोबाइल पर्समध्ये. बस्स.

पहिली दोन मिनिटं बरी जातात. मग कंटाळा येतो, आणि तो चांगला दणदणीत येतो. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, क्लायंटने काल काय म्हटलं, पाय दुखतायत. सगळे निघून जातात ते इथेच. तिथे थोडं तग धरलं की डोळे पुन्हा कामाला लागतात.

उदाहरण देते. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे. कॅलेंडरांवर आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि निम्मे लोक ते रविवर्म्याचं समजतात. आपल्या सावंतवाडीच्या माणसाचं चित्र. मुलीलाच समोर उभं करून काढलेलं. लोक येतात, "अरे वा, खरा दिवा लावल्यासारखं वाटतं" म्हणतात आणि पुढे जातात. मीही आधी दिवाच बघत होते. बऱ्याच वेळाने नजर ज्योतीवरून तिच्या आड धरलेल्या हातावर गेली. उजेड बोटांवर पडलेला नाही, बोटांतून आरपार आलाय. दोन बोटांच्या फटीत तांबूस कड आहे, अंधारात टॉर्चवर तळवा धरला की दिसते तशी. मग हनुवटीखाली बघितलं. एरवी तिथे सावली असते, इथे ती जागा उजळ. उजेड खालून येतोय ना! मग पुढची दोन-तीन मिनिटं मी फक्त "उजेड इथे कसा पोचला" एवढंच शोधत होते. गॅसचा नंबर डोक्यातून गेला होता.

तर प्रश्न असे. तुमच्यापैकी कुणी असं सावकाश बघतं का? त्याने मनाला खरंच बरं वाटतं, की ते आपण मानून घेतो? आणि लिहिणाऱ्या-काढणाऱ्या मंडळींना कामात फायदा होतो का?

तिरकसराव
चला, आता चित्र बघायचेही क्लास निघणार. श्वास कसा घ्यायचा ते शिकवून झालं, जेवताना घास कसा चावायचा ते झालं, आता भिंतीकडे कसं बघायचं. आमचे आजोबा देवळासमोरच्या पारावर बसून दोन-दोन तास समोर बघायचे, त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

गंमत सोडा, पण लेखातलं हळदणकरांचं वर्णन आवडलं. बाकी 'वेलबीइंग' वगैरेला पुरावा काय?

झुळूक
वाचनखूण साठवली. चित्रं बघायला जाते, पण नवऱ्याला वीस मिनिटांत चहा लागतो.

स्टेथो
@तिरकसराव, पुराव्याबद्दल दोन ओळी, पेशाने डॉक्टर असल्यामुळे.

सगळ्यात जास्त फिरवला जातो तो २०१९ सालचा इंग्लंडमधला अभ्यास. पन्नाशीपुढच्या साडेसहा हजारांहून जास्त लोकांची माहिती, साधारण १४ वर्षांचा माग. जे लोक दर काही महिन्यांनी तरी संग्रहालय, प्रदर्शन, नाटक, मैफल अशा ठिकाणी जात होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी दिसलं. वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांत १४ टक्क्यांनी. आता व्हॉट्सअ‍ॅपवर याचं "चित्र बघा, आयुष्य वाढवा" होतं. पण हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे. नाटकाला जाऊ शकणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांत बळ असतं, खिशात पैसे असतात, सोबतीला कुणीतरी असतं. संशोधकांनी हे सगळं हिशेबात धरून वजा करायचा प्रयत्न केला, तरी फरक पुरता पुसला गेला नाही. म्हणून चित्र बघितल्यामुळेच आयुष्य वाढलं असं म्हणता येत नाही. शिवाय त्यात एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहण्याबद्दल अवाक्षर नाही.

माँट्रियलच्या कला संग्रहालयाने २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर एक योजना काढली. डॉक्टर कागदावर औषधासारखी संग्रहालयाची फेरी लिहून द्यायचे, पेशंटला तिकीट फुकट. कल्पना मला आवडते. एकटा पडलेला म्हातारा माणूस निदान घराबाहेर तरी पडेल. त्यात चित्राचा वाटा किती आणि घराबाहेर पडण्याचा किती, हे मात्र कुणी सोडवून दाखवलेलं मी वाचलं नाही.

मला पटणारा पुरावा वेगळाच आहे. येल विद्यापीठात ब्रेव्हरमन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने मेडिकलच्या मुलांना ब्रिटिश चित्रांच्या संग्रहालयात नेलं. चित्र नीट बघायचं आणि जे दिसतं तेवढंच सांगायचं, अर्थ नंतर. त्या मुलांना पुढे पेशंटचे फोटो दाखवले तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा जास्त बारकावे टिपत होती. २००१ मध्येच छापून आलंय. "हा माणूस उदास आहे" हा निष्कर्ष झाला. "खांदे पडलेत, डाव्या बाजूची शर्टाची गुंडी चुकीच्या काजात आहे" हे निरीक्षण. ओपीडीत मला दुसरं लागतं. शर्टाची गुंडी चुकणं हे हाताच्या बोटांबद्दल काही सांगत असू शकतं.

तिरकसराव
डॉक्टर, हे पटलं. म्हणजे मनःशांती बाजूला ठेवून नजरेची तालीम म्हणा, मी सही करतो.

जलरंगी
मी स्वतः चित्रं काढतो, त्यामुळे थोडं भांडण.

निळी_शाई, तुम्ही हळदणकरांच्या चित्रात उजेड शोधत गेलात ते उत्तम. पण ते जलरंगातलं चित्र आहे, हे तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे. तैलरंगात अंधार आधी रंगवून त्यावर उजेड चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद. सगळ्यात उजळ जागा आधी ठरवून शिल्लक ठेवायची आणि तिच्याभोवती अंधार बांधत यायचं. ज्योतीजवळ एक थेंब चुकीचा पडला की खेळ संपला. एवढा काळोख जलरंगात, आणि तोही मळकट न होता, हे बघून आमच्यासारख्यांचे हात कापतात. हे माहीत असेल तर तेच चित्र आणखी दहा मिनिटं पुरतं.

म्हणून "पाटी वाचू नका" हा नियम मला अर्धाच मान्य. आधी वाचू नका, ठीक. नंतर जरूर वाचा आणि परत चित्राकडे या. नुसतं "मला काय वाटतं" यावर थांबलं की दहाव्या चित्रासमोरही माणूस स्वतःलाच बघत बसतो.

आणि अमूर्त चित्रांबद्दल कुणीच बोललं नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एखादं चित्र समोर असेल तर सत्तावीस सेकंदांत काय दिसणार? पिवळा किंवा करडा रंग. रोलरने आणि पॅलेट नाइफने थर चढवत, खरवडत केलेलं काम असतं ते. आधी सपाट वाटतं. पाच-सात मिनिटांनी खालचे थर वर यायला लागतात, मग कळतं की या माणसाने वर्षाला मोजकीच चित्रं का केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा आपल्याकडे बातम्या आल्या त्या लिलावातल्या किमतींच्या. मोबाइलवर तर गायतोंडे दिसतच नाहीत. पडद्यावर थर कुठून आणणार?

निळी_शाई
@जलरंगी, कागदाचा मुद्दा शंभर टक्के. पण तो मला ठाऊक असता तर मी पहिल्या मिनिटापासून कागदच शोधत बसले असते, बोटांपर्यंत पोचलेच नसते असं वाटतं. आधी आपलं आपण, मग माहिती, यावर तडजोड करू.

पिंगुळीकर_बाय
आमच्याकडे ह्याला सावकाश बघणं कुणी म्हणत नाही, पण तेच आहे.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एका कथेच्या चित्रांचा जुडगा, त्याला पोथी म्हणतात. सांगणारा एक चित्र समोर उभं करतो आणि वीणेच्या साथीने गात गात कथा सांगतो. त्या प्रसंगाचं गाणं संपेपर्यंत चित्र हलत नाही. लहानपणी बघितलेलं आठवतं. राक्षसाचा एक डोळा केवढा, घोड्याचे पाय किती, रथाच्या चाकावरची नक्षी, सगळं पाठ व्हायचं, कारण बघायला दुसरं काही नसायचं. बाजूने काढलेल्या चेहऱ्यात तो मोठा टपोरा डोळा मला आजही झोपेत काढता येईल.

२०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून मुंबई-पुण्याचे लोक जास्त येतात. येतात आणि चित्रं भराभर उलटायला लावून फोटो काढतात. अहो, ती उलटायची चित्रं नव्हेत, ऐकायची आहेत.

ओसरी
+१ पिंगुळीकर_बाय. "ऐकायची चित्रं" फार आवडलं.

बिनधास्त_बंड्या
फोटो काढले तर बिघडलं कुठे? मी फोटो काढतो आणि घरी येऊन निवांत मोठे करून बघतो. दालनात धक्के खात बघण्यापेक्षा बरं.

स्टेथो
@बंड्या, यावरही एक प्रयोग आहे. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये छापला. संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. फोटो काढलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, त्यांची आठवण तशी घसरली नाही. तेव्हा झूम करा!

बिनधास्त_बंड्या
म्हणजे मी बरोबर होतो. धन्यवाद डॉक्टर.

चिंगीची_आई
मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेत अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी शाळांसाठी एक पद्धत बसवली, तिच्यात तीनच प्रश्न असतात. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? आमच्या शाळेतल्या एका ताईंनी सांगितली तेव्हा मला फार साधी वाटली होती.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात करून बघितली. तिथे जुन्या मुंबईतल्या लोकांची मातीची छोटी मॉडेल्स आहेत, वेगवेगळ्या पगड्या, वेगवेगळे धंदे. एका बाहुल्यासमोर लेक म्हणाली, "हा रागावलाय." कशावरून? "भुवया नाहीत रागावलेल्या, पण हात बघ." मी भुवयाच बघत होते. दुसरा प्रश्न फार कामाचा आहे, आणि तो नवऱ्यालाही विचारता येतो. "तू रागावलीयेस." कशावरून वाटलं?

एक सूचना: मुलांना दहा मिनिटं वगैरे सांगू नका. तीन मिनिटांत पाणी लागतं, मग शू लागते.

सांजवारा
इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. सगळे बरं वाटण्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते.

वडील गेले त्यानंतर काही महिन्यांनी मैत्रिणी मला ओढून अजिंठ्याला घेऊन गेल्या, "मन रमेल" म्हणून. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर सगळ्या थांबल्या. मला काही झालं नाही. सुंदर आहे, झुकलेले डोळे, हातात कमळ, सगळं खरं. गाइड टॉर्च फिरवत होता, मागून पुढची तुकडी ढकलत होती.

सव्विसाव्या लेण्यात मात्र पाय थबकले. डाव्या भिंतीला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सात मीटरच्या आसपास लांबीची आडवी मूर्ती. सगळे चेहऱ्याकडे बघतात. मी खाली बसले होते म्हणून माझ्या नजरेसमोर खालची ओळ आली. तिथे शिष्य बसलेत. कुणी हनुवटीला हात लावून, कुणी मान टाकून. आपल्याकडे सुतकात दारात बसलेली माणसं असतात ना, कुणाला काय बोलावं सुचत नाही, तशीच. बराच वेळ तेवढंच बघितलं. मग वर नजर गेली तर तिथे गंधर्वांची गर्दी, वाजवताहेत, स्वागताला आल्यासारखे. वर आनंद, खाली हे, आणि मध्ये तो निवांत झोपलेला. मला वरच्यांचा राग आला. खरंच राग आला. आणि मग रडू आलं, ते थांबेना.

शांत वगैरे काही वाटलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही. पण तोवर मी नीट रडलेच नव्हते. याला बरं वाटणं म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. एवढंच सांगते, नुकतंच कुणी गेलेल्या माणसाला "चल, चित्र बघून मन शांत होईल" म्हणून नेऊ नका. गेलं तर सोबत असू द्या, आणि त्याला बसू द्या.

निळी_शाई
@सांजवारा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

स्टेथो
सहमत. माझ्या आधीच्या प्रतिसादातल्या टक्केवारीत हे कुठेच मावत नाही.

कोरा_कागद
सर्जनशीलतेच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लावतो. मी कपड्यांची डिझाइन करतो. चित्र बघितलं आणि कल्पना सुचली असं माझं कधीच होत नाही. उलट चित्र बघताना कल्पना शोधायला गेलं की चोरी होते. रंगसंगती उचलली जाते, एखादी बॉर्डर उचलली जाते. वारलीचं तर आपण सगळ्यांनी मिळून वाटोळं केलंय. लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चौकोनात, पालघाट देवीभोवती काढायच्या आकृत्या, त्या उशीच्या अभ्र्यावर तारपा वाद्याभोवती नाचणाऱ्यांच्या गोलासकट छापून विकतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र एकदा नीट बघा. जाळ्याची एकेक गाठ इतकी बारीक काढलेली, की काही वेळाने अख्खं जाळं हलायला लागतं. ते अभ्र्यावर कसं येणार?

फायदा होतो तो उशिराने आणि आडवाटेने. असं बघून आलो की पुढचे काही दिवस मी माझ्या कामात "झालं" लवकर म्हणत नाही. एवढाच.

निळी_शाई
@कोरा_कागद, नेमकं हेच. माझ्याकडे विशेषणं कमी होतात. दहा मिनिटं बघितल्यावर "सुंदर, मनमोहक" लिहायची लाज वाटते. "हनुवटीखाली उजेड" लिहावंसं वाटतं. क्लायंटला "मनमोहक"च हवं असतं, तो भाग वेगळा.

साताराकर
गर्दीला वैतागलेल्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. यमाईच्या डोंगरावर औंधच्या राजाचं, पंतप्रतिनिधींचं भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे संग्रह आवडीने जमवलेला. रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही. इंग्लंडच्या माणसाचं शिल्प माणदेशाच्या कडेला! नवरात्र आणि यात्रेचे दिवस सोडले तर तुम्ही आणि पहारेकरी. अर्धा तास उभे राहिलात तर तोच खुर्ची आणून देतो.

झुळूक
औंधला चहा मिळतो का? विचारायचं कारण वर लिहिलंय.

साताराकर
खाली गावात मिळतो. वर जायच्या आधीच पाजा.

बिनधास्त_बंड्या
अजिंठ्याचं कुणी नीट सांगा. पुढच्या महिन्यात जातोय. सावकाश बघायला तिथे देतात का?

सांजवारा
सोमवारी बंद असतं, तो सोडून जा. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावावी लागते, तिथून पुढे बस. पहिली बस धरा. सगळे क्रमाने एकपासून सुरू करतात. शक्य असेल तर आधी सरळ टोकाला, सव्विसाव्याकडे चालत जा आणि उलटे या. चित्रांची लेणी अंधारी आहेत, चपला बाहेर काढायच्या, फ्लॅश बंद. आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही, डोळे सरावायला वेळ द्या. गाइडला आधीच सांगून ठेवा की टॉर्च सारखा हलवू नको.

जलरंगी
आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणी बघून झाला की मागे वळून खांब बघा. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. प्रत्येक हरणाला ते डोकं आपापलं बसतं. त्याचा फोटो काढ बंड्या, झूम करून.

बिनधास्त_बंड्या
काढतो. आणि इथे टाकतो, मग तुम्ही दहा मिनिटं बघा.